वॉचमनच्या वहीतली सारंगी

आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांची एक वही असते. गॅसवाला, कुरिअर, पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर. त्यात दर दोन-तीन दिवसांनी एक नोंद सापडते: '४०३ मॅडम, सारंगीसह बाहेर.' पहिल्यांदा मी दुरुस्ती केली होती. म्हटलं, काका, सारंगी नाही, व्हिओला दा गांबा. काकांनी पेन उचललं, क्षणभर थांबले, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि 'सारंगी' लिहून टाकलं. तेव्हापासून मी गप्प. साडेचार फुटी काळी पेटी पाठीवर घेऊन गंगापूर रोडवर रिक्षा शोधणाऱ्या बाईने नावावरून वाद घालू नये. आणि खरं सांगायचं तर काका फारसे चुकलेले नाहीत.

'गांबा' म्हणजे इटालियनमध्ये पाय. मांडीला नाही, खांद्याला नाही, दोन पायांमध्ये धरून वाजवायचं वाद्य. आकाराने चेलोसारखं दिसतं, पण खालचा खुंटा नसतो, पोटऱ्यांनी पेलायचं. सहा तारा, सातवी हवी असेल तर फ्रेंच पद्धतीचं वाद्य घ्यायचं. तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे आपल्या तातीच्या. मानेवर सात पडदे, तेही तातीचे, गुंडाळून गाठ मारलेले. सतारीच्या पडद्यांसारखे वर-खाली सरकवता येतात. आणि गज धरायचा तळहात वर करून, खालून. व्हायोलिनवाले वरून धरतात, चेलोवालेही. खालून धरतात ते आम्ही आणि सारंगिये.

आणखी एक गंमत. जुन्या युरोपीय संगीतात हल्ली बहुतेक ठिकाणी सूर ४१५ हर्ट्झचा धरतात. आजच्या ४४०च्या मानाने हा बरोब्बर अर्धा स्वर खाली येतो. तिथल्या वादकांना हे समजावून घ्यायला पहिलं वर्ष जातं. आपल्याकडे मात्र एका वाक्यात काम होतं: त्यांची पांढरी सहा म्हणजे आपल्या पेटीवरची काळी चार. मग गांबाची सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तार कुठे येते? काळी एकला! पुरुष गायकांच्या मैफली ज्या सुरात आपण जन्मभर ऐकल्या, त्याच सुरात. हे मला नेदरलँड्समधल्या हेगमध्ये, गांबा शिकताना, पहिल्या आठवड्यात कळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले आणि का हसले ते कुणालाही सांगता आलं नाही.

माझं बालपण जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात गेलं. बाबा प्रेसला होते. नाशिकबाहेरच्या लोकांसाठी सांगते, इथे 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र नाही. नाशिकरोडचा सरकारी छापखाना, जिथे तिकिटं, स्टॅम्पपेपर आणि नोटा छापतात. बाबा पाळी संपवून आले की भजनी मंडळात पेटी धरायचे. मला व्हायोलिनला घातलं. मांडी घालून, व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायचं ते आपलं व्हायोलिन. गांधर्वच्या परीक्षा दिल्या. पंचवटीत विष्णू दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला होता, हे सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारा माणूस शेवटी आमच्याच गावात राहायला आला, याचं श्रेय जणू सरांचंच.

१९९९ मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये (तेही आता बंद पडलं) मी कानाला हेडफोन लावून एक सीडी ऐकली. वादक जोर्दी साव्हाल, रचना तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच गांबावादक मारँ मारेच्या. पहिल्या मिनिटाला मला वाटलं कुणीतरी सारंगीवर परदेशी सूर वाजवतंय. दुसऱ्या मिनिटाला वाटलं हे व्हायोलिनचं मोठं भावंड असणार. तिसऱ्या मिनिटाला मी पैसे मोजत होते. पुढची चार वर्षं दर शनिवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरायचं, वांद्र्याला चेलोचा क्लास, संध्याकाळी परत. पासवाल्या काकांच्या पत्त्यांच्या डावात मी चेलो मध्ये ठेवायचे आणि ते त्यावर पत्ते पिसायचे. गांबा शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. चेलो हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. २००४ ला हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश मिळाला. थोडी शिष्यवृत्ती, बाकी बाबांच्या पतपेढीचं कर्ज.

हेगच्या वर्षांबद्दल लोक फार विचारतात, पण मला सांगण्यासारखं थोडंच आहे. पाऊस, सायकल, तळघरातल्या तालमीच्या खोल्या. एक प्रसंग मात्र सांगते. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, सुरात लावायला शिकवत होते. दोन पट्ट्या धरायच्या, षड्ज आणि गांधार, आणि मधली थरथर पूर्ण थांबेपर्यंत गांधार उतरवत न्यायचा. पियानोवर वाढलेल्या पोरांना तो गांधार कणसुरा वाटत होता, खाली पडल्यासारखा. मला मात्र वाटलं, हा तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार. खरोखरच तोच. पेटीचा किंवा पियानोचा गांधार या नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. सतराव्या शतकात युरोपलाही हा चढा गांधार खपत नव्हता. सरांनी विचारलं, तुझा कान कुणी तयार केला? मी म्हटलं, भजनी मंडळाच्या तंबोऱ्याने. बाबांच्या पेटीचं नाव मुद्दाम घेतलं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात गुरू नसतो. म्हणजे शिक्षक असतात, उत्तम असतात. पण त्यांच्या शिक्षकांच्या शिक्षकांच्या मागे गेलं की दोरी तुटते. गांबाचा शेवटचा मोठा वादक कार्ल फ्रीडरिश आबेल १७८७ मध्ये लंडनला वारला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हे वाद्य भिंतीवर. कितीतरी गांबांची मान कापून, तारा कमी करून त्यांचे चेलो केले गेले. १८९० नंतर आर्नोल्ड डोलमेचसारख्या माणसांनी ती पुन्हा काढली, १९३३ मध्ये बाझेलला जुन्या संगीताची शाळा निघाली, तिथे आउगुस्ट वेंत्सिंगर शिकवू लागले, साव्हाल त्यांचे शिष्य. पण वेंत्सिंगरना कुणी शिकवलं? ते मुळात चेलोवाले. बाकी पुस्तकांनी. दिएगो ओर्तिसचं १५५३ चं, क्रिस्तोफर सिम्पसनचं १६५९ चं, जाँ रूसोचं १६८७ चं. सिम्पसनचं पुस्तक उघडलं तर आपल्या माणसाला धक्काच बसतो: खाली एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि वर वादकाने तिची फोड करत जायची, आधी सावकाश, मग दुपटीत, मग गुंतागुंतीची. लेहऱ्यावर बढत म्हणा ना! फक्त ही बढत कशी करायची ते सिम्पसन कागदावर सांगतो, आणि कागद फार हुशार असला तरी 'अहं, असं नाही' म्हणत नाही.

मारेचीच एक गोष्ट आहे. तीतों दु तियेने १७३२ मध्ये लिहून ठेवली आहे. मारेचा गुरू सँत-कोलोंब. सहा महिने शिकवल्यावर त्याच्या लक्षात आलं की पोरगं आपल्या पुढे जाणार, म्हणाला, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आणि स्वतः बागेतल्या तुतीच्या झाडावर फळ्यांची खोपटी करून त्यात बसून एकटा वाजवायचा. मारे खोपटीखाली लपून ऐकायचा, गजाची चाल चोरायचा. गुरूला कळलं आणि त्याने तेही बंद केलं. ही गोष्ट मी नाशकात कुणालाही सांगितली की समोरचा लगेच म्हणतो, अगदी आमच्या अमुक खाँसाहेबांसारखं. सगळ्यांकडे असा एक खाँसाहेब असतोच. फरक इतकाच की आमच्या खोपटीत आता कुणी बसलेलं नाही. आम्ही खाली उभे राहून रिकाम्या झाडाकडे कान लावतो.

वाद्य का मेलं, याचं उत्तर साधं आहे: आवाज लहान. राजवाड्यातल्या दालनात पन्नास माणसांना पुरणारा. तिकीट लावून मोठाली सभागृहं भरायला लागल्यावर व्हायोलिन आणि चेलो जिंकले. १७४० मध्ये ह्युबेर ल ब्लाँ नावाच्या एका फ्रेंच वकिलीबाज माणसाने गांबाच्या बचावासाठी अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात व्हायोलिनला सुलतान ठरवून त्याच्या जगज्जेतेपणाची यथेच्छ टर उडवली आहे. वाचताना मला आपल्याकडची पेटी-सारंगीची भांडणं आठवतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत, तरी जिंकली पेटीच. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी असायची. आज नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात सारंगी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न आत्या दर दिवाळीला विचारते, म्हणून लिहून टाकते. नेदरलँड्समध्ये गांबावाल्याचं कॅलेंडर ईस्टरभोवती फिरतं. बाखचं 'मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची गायली जाणारी कथा, त्या लोकांना आपल्या गीतरामायणासारखं आहे. नार्डन गावच्या चर्चमधली परंपरा १९२२ पासूनची, पण ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत गावोगावी होतं. पावणेतीन तासांच्या या रचनेत गांबाला काम म्हणाल तर दोन-तीन जागा. पैकी खरी जागा एकच, उत्तरार्धात, शेवटाकडे: बास गायक क्रूस उचलण्याबद्दल गातो आणि खाली गांबाचे तुटक, दणदणीत, एकाच वेळी तीन-चार तारा पकडणारे स्वर. तोपर्यंत दोन तास थंड चर्चमध्ये बसून राहायचं. तारा थंडीने चढतात-उतरतात, बोटं गारठतात, आणि मग अचानक हजार माणसांसमोर सगळ्यात अवघड पान. मांडीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन बसणारे वादक मी पाहिलेत. मी स्वतः आजीची शाल न्यायचे. सुरुवातीला एका प्रयोगाचे दोनशे युरो मिळायचे, तालमीसकट. एका हंगामात अकरा पॅशन केल्याचंही आठवतंय. एकदा तर एकाच दिवशी दोन गावांत. हे दोन महिने धावायचं आणि उरलेले दहा महिने शिकवण्या, लहान मैफली, कधी एखादं ध्वनिमुद्रण.

२०११ मध्ये तिथल्या सरकारने सांस्कृतिक अनुदानात वीस कोटी युरोंची कपात जाहीर केली. त्याआधी लोक म्हणायचे, तुमचं क्षेत्र छोटं आहे पण सुरक्षित आहे. नंतर नुसतंच छोटं राहिलं. एका वाद्यवृंदाकडे माझे तीन कार्यक्रमांचे पैसे अडकले. पत्र लिहिलं की गोड उत्तर यायचं, पैसे यायचे नाहीत. त्यांचं नाव घेत नाही, कारण त्यातल्या निम्म्या लोकांबरोबर मी अजून वाजवते, आणि पैसे शेवटी आले, तीन वर्षांनी, व्याजाऐवजी चॉकलेटचा डबा घेऊन.

२०१८ च्या डिसेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू. मी आले ती राहिलेच. आता वर्षातून दोनदा जाते, ईस्टरला आणि ऑक्टोबरात. बाकी शिकवण्या लॅपटॉपवर. समोर कोपनहेगनचा मुलगा, खाली गंगापूर रोडवर डीजे.

नाशकात गांबा ठेवणं हा वेगळा उद्योग आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की खुंट्या आकसून सुटतात. रात्री दोनला कपाटातून तोफेसारखा आवाज येतो, उठून पाहावं तर चार तारा एकदम सैल आणि घोडी आडवी. मग खुंटीला खडू आणि थोडा साबण. जुलैत उलटं: त्याच खुंट्या फुगून हलेनात आणि तात ओली होऊन सूर सोडते. गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला की मी समजते, आज वरच्या तारेच्या नादी लागायचं नाही. मी कपाटात कोरडेपणात ओला पंचा आणि पावसात तांदळाच्या पुरचुंड्या ठेवते. शास्त्रीय उपकरणंही मिळतात, आहेत माझ्याकडे, पण पुरचुंडीवर माझा जास्त विश्वास.

पडदे बांधणं हे माझं आवडतं काम. तातीचा तुकडा घ्यायचा, मानेभोवती दुहेरी वळवायचा, एक विशिष्ट गाठ मारून नखाने दाबत आवळायची, मग पडदा मानेच्या अरुंद भागाकडून रुंद भागाकडे ढकलायचा, की तो आपोआप घट्ट होतो. उरलेली टोकं कापून जाळायची म्हणजे शेवटाला मणी तयार होऊन गाठ सुटत नाही. पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा आगपेटी सापडेना, म्हणून आजीच्या देवघरातली उदबत्ती घेतली. तात जळाली की केस जळाल्यासारखा वास येतो. आजी जपाची माळ हातात घेऊन बाहेर आली. 'काय जाळतेस?' मी खरं सांगितलं. आजीने एक शब्द न बोलता उदबत्तीचं घर उचललं, घासलं, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी एक वेगळी उदबत्ती ठेवली, संडासाशेजारच्या कोनाड्यात. गांबाला मात्र ती 'तुझं ते आतडं' म्हणायची ते शेवटपर्यंत.

त्या तातीवरून एकदा पार्सलही अडकलं. फॉर्मवर 'वाद्याच्या तारा' लिहिलं होतं. एका कार्यालयातून फोन आला, धातूच्या का? नाही, मेंढीच्या. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्राणिजन्य पदार्थांचा एक कागद, त्याला जोडायचा दुसरा कागद, आणि तीन आठवडे. तोवर जून लागला होता.

बाबा हळूहळू सावरले. डावा हात अजून जड आहे, उजवा उत्तम. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून मी मारेचा १६८६ चा पहिला ग्रंथ उतरवून घेतला आणि अशोकस्तंभाजवळच्या दुकानात छापून आणला. बाबांनी पानं मागितली. मला वाटलं, वेळ घालवायला. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली, जुनं भिंग काढलं आणि अर्धा तास बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'हे टाइप नाहीत. हे तांब्यावर कोरलंय.' बरोबर होतं. त्या काळच्या फ्रान्समध्ये असले ग्रंथ तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरून छापत. बाबांचा सगळा जन्म अशाच पत्र्यांच्या आसपास गेलेला. त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं: ओळीच्या शेवटी स्वर कसे चेपत गेलेत, कारण कोरणाऱ्याला जागा पुरली नाही. इथे रेघ दोनदा मारलीय. इथे हत्यार घसरलंय, बघ, शेपूट बाहेर आलं. त्यातल्या एका 'शेपटा'वर मी हेगमध्ये दीड महिना घालवला होता. ती मींड असावी की खटका, यावर वर्गात वाद झाला होता. बाबांनी भिंग पुसलं. 'घसरलंय,' म्हणाले. 'पगार कापला असेल त्याचा.'

आता तेच माझी पानं उलटतात. नेहमी दोन मात्रा उशिरा, कारण ऐकत बसतात.

गेल्या फेब्रुवारीत एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्याच्या माजघरात कार्यक्रम केला. चाळीसेक माणसं, खाली सतरंज्या. हार्पसिकॉर्ड कुठून आणणार? डिजिटल कीबोर्डवर तो आवाज लावला, ट्रान्सपोजचं बटण एक खाली केलं की झाला ४१५, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने खालची बाजू सांभाळली. मारेच्या १७२५ च्या पाचव्या ग्रंथात एक अचाट तुकडा आहे: मुतखड्याच्या ऑपरेशनचं चित्र. खरंच! भूल नसलेल्या काळातलं ऑपरेशन, आणि स्वरांच्या खाली मारेने एकेक टप्पा लिहून ठेवलाय. भाचीला तो मराठीतून वाचायला बसवलं. ती तेरा वर्षांची, नाटकात काम करणारी, तिला कुणी आवरणार नव्हतं. 'रुग्ण ते उपकरण पाहतो.' मी वाजवते. 'पाहून थरथर कापतो.' गजाची थरथर. 'वर चढायचा निर्धार करतो.' 'रेशमी दोऱ्यांनी हातपाय बांधतात.' इथपर्यंत लोक हसत होते. 'आता छेद.' हसू थांबलं. 'चिमटा आत जातो.' पहिल्या रांगेतल्या एका काकांनी स्वतःची कंबर धरली. 'खडा बाहेर काढतात.' 'आवाज जवळजवळ जातो.' 'रक्त वाहतं.' 'दोऱ्या सोडतात, अंथरुणावर नेतात.' टाळ्यांच्या आधी काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: 'माझा लेझरने काढला हो, आठ एमएमचा.' आणि पुढची दहा मिनिटं माजघरात खड्यांच्या मापांची चर्चा. दोन्ही खंडांतल्या माझ्या सगळ्या मैफलींत श्रोत्यांना रचना इतकी कळल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्या बैठकीला तबलजी मित्राबरोबर मालेगावचे एक चाचा आले होते. सारंगिये. वय पंचाहत्तरच्या पुढे. उमेदीत संगीतबाऱ्यांत वाजवलं, लग्नांत वाजवलं, गायकांना साथ केली. मग बरीच वर्षं यंत्रमागावर. आता नातवाच्या मोबाइलच्या दुकानात दुपारी गल्ल्यावर बसतात. कार्यक्रमात काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी फोन आला, 'बेटा, वो बाजा देखना है.' शंभरेक किलोमीटर एसटीने आले, कुंभाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांतून रिक्षा करत, मांडीवर सारंगी कापडात गुंडाळून. वॉचमनकाकांनी वहीत लिहिलं: '४०३ कडे पाहुणे, लहान सारंगीसह.'

चाचांनी गांबा आधी वाजवली नाही. हुंगली. मग तबलीवर टिचकी मारली, तारेवरून अंगठा फिरवला, म्हणाले, तात कोरडी आहे, बदामाचं तेल लाव, दोन थेंब, बोटाने. गज घेतला. मला वाटलं होतं गज जड वाटेल, पकड चुकेल. छे. तळहात वर, बोटं केसांवर, जसं काही हे रोजचंच. डाव्या हाताने मात्र त्यांनी पडद्यांना जुमानलंच नाही. नखाच्या मुळाने तारेला बाजूने टेकून, पडद्यांच्या मधून, वरून, कुठूनही, पिलूची एक फिरत काढली. घासत होती, दोनदा फाटली, पण गांबातून तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बाबा आतून काठी टेकत बाहेर आले.

मग चहा. चाचांनी विचारलं, 'उस्ताद कौन आपके?'

मी हेगच्या सरांचं नाव सांगितलं. ते नाही, त्यांचे उस्ताद? त्यांचे? मी पायरी पायरी मागे जात राहिले आणि वेंत्सिंगरपाशी येऊन थांबले. म्हटलं, त्याच्यापुढे किताब. जे खरे उस्ताद, त्यांना जाऊन तीनशे वर्षं झाली.

चाचांनी बशीतला चहा संपवला. 'तो फिर गलती कौन पकड़ता है?'

या प्रश्नावर आमच्या क्षेत्रात परिसंवाद होतात, जाडजूड ग्रंथ निघतात. मला त्यातलं एकही उत्तर हिंदीत देता येईना. मी म्हटलं, आम्ही एकमेकांशी भांडतो. चाचा मनापासून हसले. म्हणाले, 'मेरी पकड़ने वाले भी चले गए. अब जो बजाऊँ वही सही.' आणि लगेच, जणू हे फार झालं म्हणून, माझ्या तिसऱ्या पडद्याकडे बोट केलं: हा जरा वर सरकलाय, गांधार चढा लागतोय. मी तपासलं. चढा होता. केसाएवढा.

तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार मी एसटीने मालेगावला जाते, गांबा न घेता. चाचा सारंगी माझ्या मांडीवर देतात आणि माझा डावा हात पकडून नखाची जागा दाखवतात. माझी नखांची मुळं सोलवटून निघाली आहेत. कोपनहेगनच्या मुलाने स्क्रीनवर पाहून विचारलं, मांजर पाळलंस का? एकदा मी बंदिश वहीत लिहायला घेतली. चाचा थांबले. लिहून होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, आता वाच. मी वाचून वाजवलं. 'लिखा सही है,' म्हणाले, आणि वही मिटून माझ्या पिशवीत घातली.

नातवाने मात्र तीन रविवारांची चित्रफीत मोबाइलवर घेतली आहे. दुकानाचा शटर अर्धा खाली, मागे चार्जरच्या माळा, आणि मधूनच एखादं गिऱ्हाईक टेम्पर्ड ग्लास मागतं.

मार्चमध्ये पॅशनच्या हंगामासाठी निघायचंय. चाचांनी यादी दिली आहे, तीन मुख्य तारांची तात, त्यांच्याकडे मिळते ती पूर्वीसारखी राहिली नाही म्हणतात. जाडी काय सांगायची? त्यांनी जुन्या तारांचे तीन तुकडे कागदात बांधून दिले. बाबांनी प्रेसच्या दिवसांतलं मायक्रोमीटर काढलं, नोटेचा कागद मोजायचे तसे तीनही तुकडे तीन-तीन ठिकाणी मोजले आणि आकडे माझ्या वहीत, मारेच्या छापलेल्या पानांच्या मागे, लिहून दिले. मधला तुकडा एका टोकाला जास्त जाड निघाला. बाबांनी तो आकडा खोडून पुन्हा मोजला. पुन्हा तेवढाच आला.

परतीच्या फॉर्मवर या वेळी काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.